न फुगलेल्या भाकरीचा सत्कार

माझ्या हातची पहिली भाकरी अजून आमच्या घरात आहे. दिवाणखान्याची खिडकी वाऱ्यानं आपटते, म्हणून तिच्या फटीत ती लावलेली आहे. आधी तिथं पुठ्ठ्याची घडी असायची. ती दर दोन महिन्यांनी बदलावी लागे. भाकरीला मात्र श्रावणापासून आजवर काहीही झालेलं नाही. मधे एकदा मुंग्यांची रांग आली होती. ती भाकरीपर्यंत गेली, थोडा वेळ थांबली आणि आल्या वाटेनं परत गेली.

मी निवृत्त ग्रंथपाल आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजात चौतीस वर्षं पुस्तकं दिली आणि परत घेतली. (परत घेणं जास्त अवघड.) आयुष्यात एक तासही शिकवलं नाही, तरी सगळे मला ‘सर’ म्हणतात. मी त्यांना कधी दुरुस्त करत नाही. लोकांनी चुकून केलेलं कौतुक दुरुस्त न करण्याची ही जुनी सवय मला पुढे चांगलीच भोवली.

सुमनला, म्हणजे माझ्या बायकोला, जाऊन दोन वर्षं झाली. ती असताना आमच्या घरात सकाळी आठ वाजता भाकरी थापल्याचा आवाज यायचा. मी पेपर वाचत असायचो आणि त्या आवाजाकडे माझं कधी लक्ष जायचं नाही. ती गेल्यावर रोज आठ वाजता लक्ष जायला लागलं.

जेवणाचा प्रश्न कोपऱ्यावरच्या डबेवाल्या ताईंनी सोडवला होता. श्रावणात त्या लेकाकडे लातूरला राहायला गेल्या आणि डबा बंद झाला. ही बातमी मी माझ्या मुलीपासून, मधुरापासून, लपवायची ठरवली. ती पुण्याला नोकरी करते, एकटी राहते आणि दर रविवारी फोन करते.

“बाबा, काय जेवलात?”

“पोहे.”

“गेल्या रविवारीही पोहेच होते.”

“मला आवडतात.”

“डबा बंद झालाय ना?”

ग्रंथालयात चौतीस वर्षं चोर पकडले; स्वतः मात्र दोन वाक्यांत सापडलो.

“आता पुरे झालं, बाबा. घर बंद करा आणि पुण्याला या.”

“पुण्यात मी काय करू?”

“तिथं काय करता?”

या प्रश्नाचं उत्तर द्यायला मी थोडा वेळ मागून घेतला. (अजून दिलेलं नाही.) खरं म्हणजे मला हे घर सोडायचं नव्हतं. कारण विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सांगता आलं असतं तरी फोनवर सांगितलं नसतं. म्हणून मी घाईघाईनं भलतंच बोलून गेलो.

“मी करीन भाकरी.”

पलीकडे इतकी शांतता झाली की मला वाटलं, रेंज गेली.

“बाबा, तुम्हाला गॅस लावता येतो?”

“येतो की!” (लायटर सापडला तर.)

“ठीक आहे. दिवाळीला मी येते. मला तुमच्या हातची एक भाकरी खायला घाला. नीट फुगलेली, आईसारखी. जमली तर राहा तिथं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमली, तर सामान बांधायचं. कबूल?”

“कबूल,” मी म्हणालो. माझा आवाज फारच बाणेदार आला. समोर कोणी नसलं की माझा आवाज तसा येतो.

हाती तीन महिने होते. मी काम ग्रंथपालाच्या शिस्तीनं हाती घेतलं. प्रथम ज्वारी. सुमननं निवडून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेली एक कोठी अजून शिल्लक होती. ती उघडायचं दोन वर्षं टाळलं होतं. उघडली. मग विचार केला, सारखं सारखं गिरणीत कशाला जायचं? सगळी बारा किलो ज्वारी रिक्षात घालून रफिकभाईंच्या गिरणीत नेली.

रफिकभाईंनी पोत्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. “सर, घरात लग्न हाय काय?”

“नाही हो. तीन महिन्यांची सोय.”

“सगळं आताच दळू?”

“सगळं.”

त्यांनी मान हलवली आणि गिरणी सुरू केली. त्या मान हलवण्यात एक संपूर्ण ग्रंथ होता. पण मी तो वाचला नाही. घरी येऊन पीठ सहा डब्यांत भरलं, डब्यांना क्रमांक दिले, तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. काम इतकं देखणं झालं की मला भाकरी करायची गरजच वाटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी परात घेऊन बसलो. पुस्तकात लिहिलं होतं, ‘पीठ नीट मळून भाकरी थापावी.’ हे ‘नीट’ म्हणजे काय, ते मराठीतल्या कुठल्याही पाकशास्त्राच्या पुस्तकात दिलेलं नाही. (मी अकरा पाहिली.) गरम पाणी ओतलं. बोटं भाजली. पीठ मळलं. उंडा केला. थापायला लागलो, तर काठ चिरत गेले. सांधले, तर मधे भोक पडलं. भोक बुजवलं, तर भाकरी परातीला चिकटली. शेवटी ती उलथण्यानं खरवडून तव्यावर टाकली आणि फुगायची वाट पाहत उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं. घड्याळात पाहिलं तेव्हा आम्ही दोघं वीस मिनिटं एकमेकांसमोर तसेच होतो, ती तव्यावर आणि मी बाहेर. दोघांपैकी कोणीही फुगलं नव्हतं.

तीच ती खिडकीतली.

मी एक जाड वही केली. भाकरीचा क्रमांक, तारीख, शेरा. क्रमांक एक: ‘खिडकीला लावली.’ क्रमांक चार: ‘तुटली नाही. बत्ता वापरला.’ क्रमांक नऊ: ‘शेजारून विचारणा. जळालं काय?’ क्रमांक तेवीसपुढे शेरे लिहिणं बंद केलं, कारण ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द किती वेळा लिहायचा?

मधुरा धीर द्यायला रोज मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवायची. त्यात सूट घातलेला एक तरुण मनुष्य रंगमंचावर येरझाऱ्या घालत ‘हार मानू नका’ असं ओरडायचा. एकवीस दिवस एखादी गोष्ट केली की तिची सवय लागते, असं त्याचं म्हणणं. मला बाविसाव्या दिवशी बिघडलेल्या भाकरीची सवय लागली. ती दुधात तासभर भिजवली की खाता येते, हाही शोध लागला. त्या तरुणाला मी मनातल्या मनात विचारत असे, ‘बाळा, तुझ्या भाकऱ्या कोण करतं?’

मग मी सोडून का दिलं नाही? व्हिडिओंमुळे नक्कीच नाही. कारण एवढंच की, भाकरी कशीही होवो, ती थापताना आवाज तोच यायचा. सकाळी आठ वाजता घरात पुन्हा थाप पडत होती. थापणारा अडाणी होता. पण घराला ते कुठं कळतंय, असं मला वाटायचं.

बिघडलेल्या भाकऱ्या टाकवत नव्हत्या. सुमननं कधी तुकडा टाकला नव्हता. मी त्या गच्चीवर जुन्या साडीवर वाळत घालायचो आणि वाळल्या की डब्यात रचून ठेवायचो. सोलापूरचं ऊन एरवी माणसाच्या काही कामाचं नसतं. या कामी ते मन लावून राबलं.

इथं बिराजदार अण्णा येतात. अण्णा माझे शेजारी, विमा कंपनीतून निवृत्त, आणि आमच्या वसाहतीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाचे संस्थापक, अध्यक्ष आणि मुख्य वक्ते. निवृत्तीनंतर काही माणसं बागकाम करतात. अण्णा सत्कार करतात. वाढदिवसाचा सत्कार, नातू झाल्याचा सत्कार, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्याचा सत्कार. आमच्या गावात टॉवेल विणले जातात, त्यामुळे सत्कार म्हटला की टॉवेल आलाच. मला निवृत्तीच्या दिवशी चौदा मिळाले होते. नोकरी सुटलेला मनुष्य दिवसभर अंघोळच करतो, अशी लोकांची समजूत असावी.

त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं. आमच्याकडे पाणी काही दिवसांआड येतं आणि त्या दिवशी सगळी वसाहत गच्चीवर असते. टाकी भरते का ते बघायला अण्णा त्यांच्या गच्चीवर आले आणि कठड्यावरून डोकावले.

“सर, काय करायलाय? अरेच्चा! कडक भाकरी?”

परगावच्या वाचकांसाठी सांगतो. कडक भाकरी हा सोलापूरचा खास पदार्थ आहे. पातळ, पापडासारखी कुरकुरीत, महिनोन्‌महिने टिकणारी. ती करायला फार मोठी हातोटी लागते. माझ्या भाकऱ्या कडक होत्या, यात वाद नव्हता. पण त्या कडक भाकऱ्या नव्हत्या. त्या मऊ भाकऱ्याच होत्या. फक्त तशा झाल्या नव्हत्या.

अण्णांनी हात लांब करून एक तुकडा उचलला, घरातून शेंगाचटणी मागवली आणि कडाड्‌कन मोडून खाल्ला.

“सर! काय कुरकुरीत झालीय! तुम्ही केली?”

“हो, पण अण्णा, त्याचं असं आहे की...”

“वहिनी गेल्या, पण तुम्ही खचला नाहीत! एकट्यानं भाकरी शिकलात! अन् थेट कडक भाकरी? सर, तुम्ही आपल्या संघाचा आदर्श आहात!”

मला त्याच क्षणी सांगता आलं असतं. तीन सोपी वाक्यं होती. पण सत्तर दिवसांत माझ्या भाकरीला बरं म्हणणारा तो पहिला मनुष्य होता. खरं सांगायचं तर, सत्तर दिवसांत माझ्याशी पाच मिनिटांहून जास्त बोलणाराही तोच पहिला. मी त्यांना आणखी एक तुकडा दिला.

संध्याकाळी संघाच्या ग्रुपवर घोषणा आली. दिवाळी स्नेहमेळाव्यात सरांचा ‘भाकरीभूषण’ म्हणून जाहीर सत्कार. सोबत सरांच्या हातच्या कडक भाकरीचा अल्पोपाहार. आणि थेट प्रात्यक्षिक! त्याखाली एक्केचाळीस जणांनी हात जोडले होते.

मी अण्णांकडे धावलो. “प्रात्यक्षिक कशाला, अण्णा?”

“लोकांना प्रेरणा मिळते, सर.”

“पण मला अजून नीट...”

“विनय! हाच तो विनय!” अण्णांनी हे इतक्या मोठ्यानं सांगितलं की रस्त्यावरची माणसं विनय बघायला थांबली.

मग तारीख पाहिली. मधुरा येणार होती त्याच दिवशी, तीही नेमकी सकाळच्या गाडीनं. दोन दिवसांनी कोपऱ्यावर फ्लेक्स लागला. त्यावर माझा निवृत्तीच्या वेळचा फोटो, शेजारी ताटाएवढी भाकरी, आणि भाकरीपेक्षा मोठे अण्णा. मी दूध आणायला लांबच्या वाटेनं जायला लागलो.

आता एकच आधार होता. माझी मोठी बहीण, आक्का. ती माढ्याजवळ शेतावर राहते. तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. ती बराच वेळ हसली. मग खोकली. मग पुन्हा हसली.

“येती म्या. पीठ हाय न्हवं घरात?”

“भरपूर आहे.”

मेळाव्याच्या तीन दिवस आधी आक्का पिशवी घेऊन हजर झाली. पदर खोचून परातीपुढे बसली, पाचव्या डब्यातलं मूठभर पीठ घेतलं, पाण्यानं कालवलं आणि अंगठ्यानं दाबून पाहिलं. उंडा वाळूसारखा विस्कटला.

“ह्या पिठाची विरी गेली की रं! चिकटपणाच ऱ्हायला न्हाय. कवा दळलंस?”

“श्रावणात.”

“श्रावणात! अन् आता दिवाळी आली! ज्वारीचं पीठ आठ दिसाच्या वर ठिवत्यात व्हय?”

“पण आक्का, मी तारखा घातल्यात. आधीचं आधी वापरायचं, नंतरचं...”

“आरं, तारका घालून पीठ ताजं ऱ्हातंय व्हय? सुमनची येवडी चांगली ज्वारी, मातीत घातलीस की! एवडी पुस्तकं वाचलीस, गिरणीवाल्याला तरी इचारायचं!”

गिरणीवाल्यानं मलाच विचारलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. मला उलट आनंद झाला होता. म्हणजे हात निर्दोष होता! दोष पिठाचा होता! तीन महिन्यांचा डाग एका शब्दात धुऊन निघाला. त्याच पावली रफिकभाईंकडून ताजं पीठ आणलं (“आज दोनच किलो? लग्न मोडलं काय, सर?”) आणि बाणेदारपणे थापायला बसलो.

ताज्या पिठानं एक गोष्ट सिद्ध केली. दोष एकट्या पिठाचा नव्हता.

“भाकरीला भ्याला हायस तू,” आक्का म्हणाली. “मांजराला गोंजारतोय जणू. जरा जोर लाव की!” मी जोर लावला. परात उलटी झाली. तीन दिवसांत आम्ही अठ्ठावीस भाकऱ्या केल्या. त्यातली एक काठाला किंचित उचलल्यासारखी वाटली. पण आक्का म्हणाली, तो तव्याचाच पोचा होता.

“आक्का, निदान मेळाव्याला कडक भाकरी म्हणून तरी खपतील ना?”

तिनं एक उचलली, वाकवून पाहिली आणि खाली ठेवली. “कडक भाकरी मुद्दाम करावी लागती, बाबा. तुज्या आपोआप झाल्यात.”

मेळाव्याच्या दिवशी सकाळीच मधुराचा फोन आला. “बाबा, जेऊर सुटलं. स्टेशनवर येऊ नका, मी रिक्षानं येते. भाकरी तयार आहे ना?”

“आहे,” मी म्हणालो. पाच डबे भरून होती.

संघाच्या सभागृहात साठेक ज्येष्ठ नागरिक जमले होते. मला फेटा बांधला, तो एका कानावरून आणि एका भुवईवरून गेला. व्यासपीठावर टेबल, टेबलावर शेगडी, तवा, परात. प्रमुख पाहुणे, कुठल्याशा पतसंस्थेचे माजी संचालक, नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते. तोवर वेळ काढायला कोणीतरी हवं होतं.

“सर, सुरू करा,” अण्णा माइकवरून गरजले. “पाहा मंडळी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हा माणूस परातीसमोर उभा आहे!”

मी उभा होतो, कारण खुर्ची दिली नव्हती. पहिल्या रांगेतून आक्कानं खूण केली, ‘जोर लाव.’ मी पीठ मळलं. उंडा केला. थापायला लागलो. सभागृहाचा गलका, अण्णांचं भाषण, सगळं हळूहळू ऐकू येईनासं झालं. फक्त तो आवाज येत होता, थप, थप, थप. मला वाटतं, त्या दोन मिनिटांत मी कोणालाच काही दाखवत नव्हतो. भाकरी परातीतून सुटली. तव्यावर पडली. वरून पाणी फिरवलं, उलटली, तवा बाजूला केला आणि विस्तवावर धरली.

काठाला एक छोटा फोड आला. तो सरकत मधे गेला. शेजारी दुसरा आला, दोघं एकत्र झाले, आणि माझ्या डोळ्यांसमोर ती आख्खी भाकरी, काठापासून काठापर्यंत, टम्म फुगली! सुमनची फुगायची तश्शी!

नेमक्या त्याच क्षणी दाराशी कोणीतरी ओरडलं, “पाहुणे आले!”

साठच्या साठ माणसं उठली आणि दाराकडे वळली. माझ्यासमोर साठ पाठी होत्या. फोटोग्राफर दाराकडे धावला. अण्णा हार घेऊन धावले. “अहो!” मी म्हणालो. “अहो, इकडे बघा!” माझा आवाज यावेळी मुळीच बाणेदार आला नाही. भाकरी थोडा वेळ तशीच राहिली. जणू तीही कोणी बघतंय का, याची वाट पाहत होती. मग तिनं एक लांब उसासा सोडला आणि खाली बसली.

पाहुणे हार सावरत व्यासपीठावर आले. अण्णांनी ती भाकरी त्यांच्या हातात दिली. पाहुण्यांनी मोडायचा प्रयत्न केला. ती वाकली.

“ही मऊ आहे की हो!”

सभागृहात कुजबुज झाली. “मऊ केली?” “कडक म्हणाले होते.” “बिघडली वाटतं सरांची.” आयुष्यात जमलेली एकमेव भाकरी, ती बिघडली म्हणून साठ लोक हळहळत होते!

अण्णा कसलेले वक्ते. त्यांनी माइक ओढला. “मंडळी, ही कडक भाकरीची केवळ पहिली अवस्था आहे! आता पाहुणे अंतिम अवस्थेचा आस्वाद घेतील!” आणि माझ्या डब्यातली एक भाकरी काढून त्यांनी पाहुण्यांपुढे धरली. ती बहुधा भाद्रपदातली असावी.

“पाहुणे, फोटोसाठी एक घास!” फोटोग्राफर ओरडला.

“मोडून घ्या, भिजवून...” मी सांगायला गेलो. पण कॅमेऱ्यापुढे भाकरी भिजवत बसणं पाहुण्यांच्या इतमामाला शोभलं नसतं. त्यांनी थेट चावा घेतला.

आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. पाहुण्यांनी भाकरी तोंडातून ओढली. भाकरी आली, आणि तिच्याबरोबर वरची कवळीही आली. कडी लागावी तशी ती भाकरीत बसली होती. पाहुणे काहीतरी बोलले, त्यात एकही व्यंजन नव्हतं. अण्णांनी घाबरून ती भाकरी माझ्या हातात कोंबली.

दारातून आवाज आला. “बाबा?”

मधुरा उभी होती. खांद्याला बॅग, हातात चाकांची पेटी. कोपऱ्यावरचा फ्लेक्स पाहून तिनं रिक्षा थेट सभागृहाकडे वळवली होती. तिच्यासमोर तिचा बाप होता. एका डोळ्यावर फेटा, खांद्यावर नवा टॉवेल, आणि हातात दुसऱ्याचे दात असलेली भाकरी.

आम्ही तिघं घरी परतत होतो. मी चौदाच्या जागी पंधरा टॉवेलांचा मालक झालो होतो आणि संघात पुन्हा कधी तोंड दाखवता येईल, याचा हिशेब करत होतो. (कवळी सुखरूप निघाली. भाकरीलाही काही झालं नाही.)

दुपारी मधुरा स्वयंपाकघरात पाट घेऊन बसली. आक्का पदर खोचायला लागली, तशी मधुरा म्हणाली, “तुम्ही नको, आत्या. ठरलंय तसं. बाबा करतील.”

मी केली. सगळं सकाळसारखंच केलं. विस्तवावर धरली. आम्ही तिघं वाकून बघत होतो. भाकरीनं काठ थोडा उचलला, विचार बदलला आणि पडून राहिली. हळूहळू तिचा रंग खिडकीतल्या भाकरीसारखा व्हायला लागला.

“सकाळी फुगली होती, मधू,” मी म्हणालो. “खरंच. पूर्ण फुगली होती.”

“कोणी पाहिली?”

मी तव्याकडे बघत राहिलो. “कोणी नाही. पाहुणे आले होते.”

आक्कानं चाळणी पुढे ओढली. मग आक्का म्हणाली, “म्या बघितली की! येवडी टम्म फुगलेली. सुमन करायची तशीच.”

पाहुणे आल्यावर सगळ्यात आधी उठून दाराकडे वळली ती आक्काच. तिची पाठ मला अजून आठवते. मी तिच्याकडे पाहिलं. ती पीठ चाळत होती.

“शपथ, आत्या?” मधुरानं विचारलं.

“तुज्या बापाची शप्पत.”

माझ्या नावानं घेतलेली शपथ मधुरा कितपत मानते, कोण जाणे. ती थोडा वेळ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मग म्हणाली, “बरं. साक्षीदार आहे, म्हणजे जमली. राहा इथं.”

ती न फुगलेली भाकरी तिनं ताटात घेतली. मोडली, तर कडाड्‌कन मोडली. शेंगाचटणी घेतली, दही घेतलं आणि खायला लागली. दुसरी मागितली. मी डब्यातली आश्विनातली दिली. तीही खाल्ली.

“बाबा, ह्या टिकतात किती?”

“खिडकीतली तिसऱ्या महिन्यात आहे.”

“मला थोड्या बांधून द्या. दुपारी लॅपटॉपसमोर बसून मी रोज बिस्किटं खाते.” मग ताटाकडे बघत म्हणाली, “चावताना आवाज येतो, ते बरं वाटतं. तिथं फ्लॅटवर दिवसभर कसलाच आवाज नसतो.”

मला वाटत होतं, या घरात मी एकटा आहे. तिकडे पुण्यात तसंच एक घर आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी उठलो. पाचही डबे उतरवले आणि भाकऱ्या सत्काराच्या टॉवेलांत गुंडाळायला घेतल्या. चौतीस वर्षांच्या सेवेचे टॉवेल प्रथमच कामी आले. निघताना तिनं बजावलं, “दर महिन्याला पाठवायच्या, बाबा. अशाच!”

आता पंचाईत वेगळीच झाली आहे. दिवाळीनंतर कोण जाणे काय झालं, पण भाकरी जमायला लागली. रोज सकाळी आठ वाजता टम्म फुगते, मऊसूत होते आणि मी ती गरम गरम एकटाच खातो. पण अशी भाकरी दुसऱ्या दिवसापर्यंतही टिकत नाही. पुण्याला काय पाठवणार, कप्पाळ? आक्कानं फोनवर कडक भाकरीची कृती सांगितली आहे, वहीचं नवं पान उघडलं आहे, आणि क्रमांक एक ते सोळा, सगळ्यांपुढे एकच शेरा आहे: ‘फुगली.’ तीन महिने जे न शिकता जमत होतं, ते आता शिकूनही जमत नाही!